जेन ॲडम्स

लॉरा जेन ॲडम्स (६ सप्टेंबर, १८६० – २१ मे, १९३५) या अमेरिकन समाजसेविका, लेखिका आणि शांततावादी कार्यकर्त्या होत्या. शिकागो शहरातील हल हाउस या संस्थेच्या त्या सहसंस्थापक होत. १९३१ सालचे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना निकोलस मरे बटलर यांच्यासह विभागून देण्यात आले. हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन महिला होत्या.

आधुनिक समाजकार्याच्या प्रवर्तकांमध्ये ॲडम्स यांची गणना होते. त्यांच्या काळात गरिबांसाठी संस्था उभारणारे लोक पुष्कळ होते. मात्र मदत करणाऱ्याने गरजूची जितकी चौकशी करावी तितकीच स्वतःच्या हेतूंची, समजुतींची आणि चुकांचीही करावी, हा आग्रह धरून आपल्याच चुका छापील पानांवर मांडणारे फार थोडे होते. समाजकार्य, परिचर्या, समुपदेशन व अध्यापन या क्षेत्रांत आज चिकित्सक आत्मचिंतन या नावाने जे शिकवले जाते, त्याची सवय ॲडम्स यांच्या लेखनात त्या संज्ञेच्या कितीतरी आधी आढळते.

बालपण आणि शिक्षण

ॲडम्स यांचा जन्म इलिनॉय राज्यातील सीडरव्हिल या लहान गावात झाला. वडील जॉन ह्यू ॲडम्स हे गिरणीमालक होते. राज्याच्या सिनेटचे ते अनेक वर्षे सदस्य होते आणि अब्राहम लिंकन यांच्याशी त्यांचा परिचय होता. जेन दोन वर्षांच्या असताना आई सारा यांचे निधन झाले. लहानपणी मणक्याला क्षयरोग झाल्याने त्यांच्या पाठीत कायमचा बाक राहिला. वडिलांचा त्यांच्यावर खोल प्रभाव होता. मनाशी प्रामाणिक राहणे ही सर्वांत मोठी गोष्ट, हा त्यांचा संस्कार पुढील आयुष्यात वारंवार दिसतो.

१८८१ साली त्यांनी रॉकफर्ड येथील स्त्रियांच्या महाविद्यालयातून शिक्षण पूर्ण केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वडील वारले. डॉक्टर होण्याच्या इच्छेने त्यांनी फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. पण पाठीचे दुखणे बळावले आणि ते शिक्षण अर्धवट सुटले. पुढची काही वर्षे आजारपणात आणि निरुद्देश अस्वस्थतेत गेली. सुशिक्षित, सुखवस्तू घरातील तरुणीला शिक्षण तर मिळते, पण त्याचा उपयोग करण्याची जागा समाजात नसते, हा विषय त्यांनी पुढे अनेक लेखांत हाताळला.

युरोपचा प्रवास

१८८३ ते १८८५ या काळात त्यांनी युरोपचा प्रवास केला. लंडनच्या पूर्व भागात शनिवारी मध्यरात्री नासकी भाजी आणि फळे लिलावाने विकली जात. घोड्यांच्या बसच्या वरच्या मजल्यावरून ॲडम्स यांनी हा लिलाव पाहिला. भाजीसाठी वर उंचावलेले शेकडो हात आणि लिलावात मिळालेली कोबी रस्त्याच्या कडेला बसून कच्चीच खाणारा माणूस, हे दृश्य त्यांच्या मनातून कधी गेले नाही. ते पाहत असतानाच त्यांना टॉमस डी क्विन्सी यांच्या लेखनातील एक प्रसंग आठवला. समोर अपघात होऊ घातला असतानाही त्या प्रसंगातील निवेदकाला होमरच्या ओळी आठवेपर्यंत ओरडून सावध करता येत नाही. इतक्या दुःखासमोर उभे असताना आपल्यालाही साहित्यच आठवते, याची ॲडम्स यांना लाज वाटली. शिक्षणाने माणूस संवेदनशील होतो, पण त्याच शिक्षणाच्या आडोशाने तो कृतीपासून दूरही राहू शकतो, हे त्यांना येथे जाणवले.

दुसऱ्या युरोपप्रवासात, १८८८ साली, त्यांनी माद्रिद येथे बैलांची झुंज पाहिली. सोबतचे लोक किळस येऊन निघून गेले. त्या मात्र बसून राहिल्या. संध्याकाळी त्यांना स्वतःचाच धक्का बसला. आपण काहीतरी मोठे काम करणार आहोत या कल्पनेने आजवर आपण आपल्या निष्क्रियतेवर पांघरूण घालत आलो, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि मनातील योजना मैत्रीण एलन गेट्स स्टार यांना सांगून टाकली. हा वृत्तांत ॲडम्स यांनी वीस वर्षांनंतर लिहिलेल्या आत्मचरित्रातून येतो, त्यामुळे चरित्रकार तो जपून वापरतात. पुढची पायरी मात्र निश्चित आहे. त्याच वर्षी त्यांनी लंडनमधील टॉयन्बी हॉलला भेट दिली. सॅम्युएल आणि हेन्रिएटा बार्नेट यांनी १८८४ साली स्थापन केलेल्या या संस्थेत विद्यापीठीय तरुण गरीब वस्तीत राहायला येत आणि शेजारी म्हणून काम करीत. अशा संस्थेला सेटलमेंट म्हटले जाई.

हल हाउसची स्थापना

१८ सप्टेंबर १८८९ रोजी ॲडम्स आणि स्टार शिकागोच्या हॉलस्टेड रस्त्यावरील एका जुन्या वाड्यात राहायला गेल्या. चार्ल्स हल यांनी १८५६ साली बांधलेल्या या वाड्याभोवती इटालियन, जर्मन, आयरिश, ग्रीक, बोहेमियन आणि रशियन-पोलिश ज्यू स्थलांतरितांची दाट वस्ती होती. बालवाडी, पाळणाघर, वाचनमंडळे, कलादालन, व्यायामशाळा, कामगार मुलींचे सहकारी वसतिगृह असे उपक्रम एकामागून एक सुरू झाले. समाजकार्यकर्त्या फ्लॉरेन्स केली, ज्युलिया लेथ्रॉप आणि व्यावसायिक रोगांच्या अभ्यासक डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी येथेच राहून आपले काम उभारले.

पहिल्याच नाताळात घडलेला एक प्रसंग ॲडम्स यांनी नोंदवला आहे. मुलांना मिठाई वाटली जात असताना काही लहान मुलींनी ती घेण्यास नकार दिला. चौकशीअंती कळले की त्या मिठाईच्या कारखान्यात काम करीत होत्या आणि सहा आठवडे सकाळी सात ते रात्री नऊ राबल्यामुळे त्यांना मिठाई नजरेसमोर नको झाली होती. वाटणाऱ्यांना आनंदाची वाटलेली वस्तू घेणाऱ्यांच्या दृष्टीने काय होती, हे तोवर कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. बालमजुरीविरुद्धच्या हल हाउसच्या कामामागे असे अनुभव होते. केली यांच्या पुढाकाराने १८९३ साली इलिनॉयमध्ये कारखाना तपासणीचा कायदा झाला. त्याने चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामाला ठेवण्यास बंदी घातली. स्त्रियांसाठीची आठ तासांची मर्यादा मात्र राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९५ साली रद्द ठरवली. त्याच वर्षी रहिवाशांनी घरोघर जाऊन केलेल्या पाहणीवर आधारित 'हल हाउस मॅप्स अँड पेपर्स' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वस्तीतील कचरा उचलला जात नाही म्हणून ॲडम्स यांनी स्वतः कंत्राटासाठी निविदा भरली. ती फेटाळली गेली, पण महापौरांनी त्यांना एकोणिसाव्या प्रभागाच्या कचरा निरीक्षक म्हणून नेमले. त्या पहाटे उठून कचरागाड्यांच्या मागे फिरत.

सगळे उपक्रम यशस्वी झाले नाहीत. आहारशास्त्राच्या नियमांनुसार स्वस्त व पौष्टिक अन्न शिजवून विकणारे सार्वजनिक स्वयंपाकघर उघडले गेले, पण शेजाऱ्यांनी त्याकडे पाठ फिरवली. त्यांच्या सवयीच्या चवी तेथे नव्हत्या. पौष्टिक काय हे तज्ज्ञांनी ठरवले होते; काय आवडते हे कोणी विचारले नव्हते. अखेर तेथे बसून बोलता येईल असे कॉफीगृह चालू झाले आणि ते लोकांनी आपलेसे केले.

कारकुनाचा मृत्यू

१८९३ च्या हिवाळ्यात अमेरिकेत मोठी मंदी आली. हल हाउसमध्ये मदत वाटपाचे केंद्र होते. त्या काळच्या धर्मादाय संस्थांचा नियम असा, की काम उपलब्ध असेल तर धडधाकट पुरुषाने आधी ते करावे आणि नंतरच मदत मागावी. शिकागोत तेव्हा सांडपाण्याच्या कालव्याचे खोदकाम चालू होते. मालरवानगीच्या कचेरीत कारकून असलेला, ॲडम्स यांच्या चांगल्या ओळखीचा एक माणूस मदतीसाठी आला, तेव्हा त्यांनी त्याला नियमाप्रमाणे या कामाची माहिती दिली. आपण आयुष्यभर चार भिंतींच्या आत काम केले आहे, हिवाळ्यात उघड्यावरचे काम आपल्याला सोसणार नाही, असे त्याने सांगितले. ॲडम्स यांना ते पटण्यासारखे वाटले, तरी त्यांनी नियम सोडला नाही. त्याने दोन दिवस कालव्यावर काम केले, त्याला न्यूमोनिया झाला आणि आठवड्याभरात तो मरण पावला. मागे राहिलेल्या त्याच्या दोन मुलांची ॲडम्स यांनी पुढे अनेक वर्षे खबर ठेवली.

आत्मचरित्रात हा प्रसंग त्यांनी कोणतीही सबब न सांगता लिहिला आहे. माणसाच्या अडचणी ठरीव नियमांनी सोडवता येत नाहीत, त्याच्या जगण्याची आणि सवयींची समग्र माहिती असल्याशिवाय शहाणपणाने मदत करता येत नाही, हा धडा त्यांनी त्यातून घेतला. या धड्याची किंमत दुसऱ्या कोणी चुकवली होती, हे त्यांच्या लेखनात झाकलेले नाही. नियम चुकीचा होता की त्याचा वापर चुकीचा होता, हा प्रश्न समाजकार्याचे विद्यार्थी या घटनेवरून आजही चर्चेस घेतात. नियम नसता तर मदत मर्जीवर अवलंबून राहिली असती, हेही तितकेच खरे.

दुसरा प्रसंग एका बाळाचा आहे. कोणीतरी हल हाउसच्या पाळणाघरात एक नाजूक प्रकृतीचे मूल सोडून दिले. सर्व शुश्रूषा करूनही ते दगावले. रहिवाशांनी त्याचे दफन सरकारी खर्चाने करण्याचे ठरवले आणि गाडी बोलावली. ही बातमी पसरताच शेजारच्या स्त्रिया संतापून आल्या आणि त्यांनी रीतसर अंत्यविधीसाठी वर्गणी गोळा केली. वाचलेला पैसा जिवंत मुलांच्या कामी येईल, हा रहिवाशांचा हिशेब शेजारणींना अमानुष वाटला. वस्तीत काही वर्षे राहूनही वस्तीच्या मनातील एक मोठी गोष्ट आपल्याला कळली नव्हती, अशी कबुली ॲडम्स यांनी दिली.

परोपकाराची चिकित्सा

१८९९ साली एका मासिकात परोपकारातील सूक्ष्म अडचणींविषयी त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. तो पुढे 'डेमोक्रसी अँड सोशल एथिक्स' (१९०२) या ग्रंथात समाविष्ट झाला. धर्मादाय संस्थेतर्फे गरिबांच्या घरी जाणारी तरुण सुशिक्षित कार्यकर्ती हे त्याचे मध्यवर्ती पात्र. ती कष्टाचा आणि काटकसरीचा उपदेश करते, पण स्वतः कमावत नाही. पोटापाण्यासाठी कष्ट करणाऱ्या बाईला ती स्वावलंबन शिकवते, तेव्हा त्या नात्यातला विरोध दोघींनाही जाणवतो. गरीब शेजारी एकमेकांना मागचापुढचा विचार न करता देतात. चौकशी करून, वह्या भरून, मोजूनमापून दिलेली मदत त्यांना कोरडी वाटते. मुलगा लवकर कमावू लागला म्हणून कार्यकर्ती त्याचे कौतुक करते, आणि आपण बालमजुरीला हातभार लावला हे तिला फार उशिरा उमगते.

ॲडम्स या कार्यकर्तीची टिंगल करीत नाहीत. तिच्या गोंधळाकडे त्या उणीव म्हणून पाहत नाहीत. तो गोंधळ हीच तिच्या शिक्षणाची सुरुवात असे त्या मानतात. आपली नीती सर्वांनाच लागू आहे हा विश्वास डळमळल्याशिवाय दुसऱ्याची नीती दिसत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. गोंधळलेपण हा शब्द त्यांच्या ग्रंथात पुन्हा पुन्हा येतो.

हीच पद्धत त्यांनी राजकीय विरोधकालाही लावली. प्रभागाचे नगरसेवक जॉनी पॉवर्स हे भ्रष्ट म्हणून प्रसिद्ध होते. हल हाउसने त्यांना पाडण्याचे प्रयत्न केले, आणि १८९८ च्या निवडणुकीतही ते फसले. त्याच सुमारास लिहिलेल्या लेखात ॲडम्स यांनी लोक त्यांना का निवडून देतात याचा शोध घेतला. पॉवर्स अंत्यविधीला हजर असत, थकलेले भाडे भरत, नोकऱ्या लावून देत, नाताळला टर्की वाटत. ही मदत लबाडीची होती, पण लोकांना ती समजत होती. सुधारकांची अमूर्त नीती समजत नव्हती. भ्रष्टाचाराचे समर्थन न करता सुधारकांच्या अपयशाचे कारण सुधारकांतच शोधणारे असे लेखन त्या काळी विरळ होते.

पुलमन संप

१८९४ साली शिकागोजवळील रेल्वे डबे बांधणाऱ्या पुलमन कंपनीत संप झाला. मालक जॉर्ज पुलमन यांनी कामगारांसाठी आदर्श नगर वसवले होते. मंदीत त्यांनी मजुरी कापली, पण घरभाडे कमी केले नाही. लवादासाठी प्रयत्न करणाऱ्या नागरी समितीत ॲडम्स होत्या. पुलमन यांनी लवाद नाकारला. याच दिवसांत ॲडम्स यांची थोरली बहीण मेरी मृत्युशय्येवर होती.

या संपावर त्यांनी 'अ मॉडर्न लिअर' हे व्याख्यान लिहिले. शेक्सपिअरचा राजा लिअर मुलींना उदारपणे देतो, पण त्यांचे स्वतंत्र मन त्याला सहन होत नाही. पुलमन यांचे औदार्यही तसेच, असे त्यांनी दाखवले. लोकांसाठी चांगले करणे आणि लोकांच्या सोबतीने चांगले करणे यांतील अंतर हा या निबंधाचा गाभा होय. तो केवळ एका कारखानदारावरील टीका नव्हता. समाजसेवकही त्याच आजाराने पछाडलेला असू शकतो, असे त्यात सुचवले होते. कामगारांच्या बाजूचे प्रतीक असलेली कॉर्डेलियाही त्यांनी निर्दोष ठरवली नाही. अनेक वर्षे कोणतेही मासिक हे लिखाण छापण्यास धजले नाही. ते १९१२ साली प्रसिद्ध झाले.

टॉल्स्टॉय यांची भेट

१८९६ साली ॲडम्स यांनी सहकारी मेरी रोझेट स्मिथ यांच्यासह रशियात यास्नाया पोल्याना येथे लिओ टॉल्स्टॉय यांची भेट घेतली. त्यांच्या झग्याच्या फुगीर बाह्या ओढून पाहत, एवढ्या कापडात एका लहान मुलीचा झगा झाला असता, असे टॉल्स्टॉय यांनी सुनावले. त्यांच्या जमिनीचे उत्पन्न त्यांना दूर बसून मिळते हे कळल्यावर तर त्यांनी त्यांना गैरहजर जमीनदारांत काढले. ॲडम्स खजील झाल्या. परतल्यावर रोज सकाळी दोन तास हल हाउसच्या भटारखान्यात पाव भाजण्याचा निश्चय त्यांनी केला. प्रत्यक्षात दारात माणसे खोळंबलेली, पत्रांचा ढीग पडलेला. आपल्या मनाच्या समाधानासाठी या सगळ्यांना ताटकळत ठेवणे हाच स्वार्थ आहे, हे ध्यानात येताच त्यांनी तो बेत सोडला. आत्मपरीक्षण हे आत्मक्लेशात घसरू शकते, याची जाण त्यांना असल्याचे या निर्णयावरून दिसते.

वर्णभेदाचा प्रश्न

ॲडम्स यांच्या आत्मपरीक्षणाला मर्यादा होत्या आणि त्या वर्णभेदाच्या प्रश्नात सर्वांत ठळक दिसतात. १९०१ साली त्यांनी दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींचा निषेध करणारा लेख लिहिला. मात्र युक्तिवादाच्या सोयीसाठी, बळी गेलेल्यांवरील आरोप खरे आहेत असे त्यांनी गृहीत धरले. पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी त्याच वर्षी उत्तर दिले. ॲडम्स यांच्या हेतूचा आदर राखून त्यांनी प्रसिद्ध आकडेवारीच्या आधारे दाखवले, की बहुसंख्य बळींवर तसा आरोपही नव्हता. ते गृहीतकच अन्यायाला आधार देणारे होते. धर्मादाय कार्यकर्तीची गृहीतके बारकाईने उलगडणाऱ्या लेखिकेला येथे स्वतःचे गृहीतक दिसले नाही. ते दाखवण्यासाठी बाहेरची, त्या हिंसेची झळ सोसलेली व्यक्ती लागली.

१९०९ साली कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी राष्ट्रीय संघटना उभारण्याच्या आवाहनावर ॲडम्स यांनी स्वाक्षरी केली. १९१२ साली प्रोग्रेसिव्ह पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी थिओडोर रूझवेल्ट यांच्या उमेदवारीला अनुमोदन दिले. याच अधिवेशनात दक्षिणेतील कृष्णवर्णीय प्रतिनिधींना प्रवेश नाकारण्यात आला. ॲडम्स यांनी विरोध केला, पण पक्ष सोडला नाही. आपल्या या निर्णयाचे स्पष्टीकरण त्यांनी 'द क्रायसिस' या नियतकालिकात दिले. ते सर्वांना पटले नाही.

युद्धविरोध

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर एप्रिल १९१५ मध्ये हेग येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. युरोपातील सरकारांची भेट घेऊन परतल्यावर न्यूयॉर्क येथील भाषणात त्यांनी सांगितले, की संगिनीच्या हल्ल्यापूर्वी सैनिकांना मादक पेय दिले जाते. हा सैनिकांच्या शौर्याचा अपमान मानला गेला आणि वृत्तपत्रांनी त्यांच्यावर झोड उठवली. देशातील सर्वांत आदरणीय स्त्री अल्पावधीत देशद्रोही ठरवली गेली. युद्धकाळात त्यांनी सरकारच्या अन्नविभागासाठी अन्नबचतीची व्याख्याने दिली, पण युद्धाला पाठिंबा दिला नाही. 'पीस अँड ब्रेड इन टाइम ऑफ वॉर' (१९२२) या ग्रंथात त्यांनी या एकटेपणाचे परीक्षण केले आहे. सगळा समाज एका बाजूला असताना आपणच बरोबर असू, हे मानण्यात अहंकार तर नाही ना, हा प्रश्न त्यात त्यांनी स्वतःला विचारला आहे. भूमिका मात्र बदलली नाही. १९१९ साली स्थापन झालेल्या शांतता व स्वातंत्र्यासाठीच्या महिला आंतरराष्ट्रीय लीगच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. १९२३ साली त्यांनी भारत, चीन आणि जपानसह आशियाचा प्रवास केला.

अखेरची वर्षे

१९३१ साली नोबेल पारितोषिक जाहीर झाले तेव्हा त्या आजारी होत्या आणि स्वीकारण्यास ऑस्लोला जाऊ शकल्या नाहीत. आपल्या वाट्याची रक्कम त्यांनी महिला लीगला दिली. अनेक वर्षांच्या सोबती मेरी रोझेट स्मिथ १९३४ साली वारल्या. ॲडम्स यांचे २१ मे १९३५ रोजी शिकागो येथे निधन झाले. त्यांचे दफन सीडरव्हिल येथे करण्यात आले.

प्रभाव

तत्त्वज्ञ जॉन ड्यूई हे हल हाउसच्या विश्वस्तांपैकी एक होते आणि ॲडम्स यांच्याशी झालेल्या चर्चांचा त्यांच्या लोकशाहीविषयक विचारांवर परिणाम झाला. विचारपूर्वक अनुभव घेण्याविषयीचे ड्यूई यांचे विवेचन 'हाउ वी थिंक' (१९१०) या ग्रंथात आहे. ड्यूई यांच्या चौकशीविषयक सिद्धान्तावर प्रबंध लिहिणारे डोनाल्ड शॉन यांनी 'द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर' (१९८३) या ग्रंथातून व्यावसायिकांच्या आत्मचिंतनाची संकल्पना रूढ केली. समाजकार्याच्या पाठ्यपुस्तकांत शॉन यांचे नाव नेहमी येते. ॲडम्स यांचे संस्थासंस्थापक म्हणून येते, विचारवंत म्हणून क्वचितच. गेल्या काही दशकांत तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांनी त्यांच्या ग्रंथांचे पुनर्वाचन सुरू केल्याने हे चित्र बदलत आहे. हल हाउसमध्ये राहिलेल्या ईडिथ ॲबट आणि सोफोनिस्बा ब्रेकिनरिज यांनी १९२० साली शिकागो विद्यापीठात समाजसेवा प्रशासनाचे शिक्षण सुरू करण्यात पुढाकार घेतला.

सेटलमेंटची कल्पना मुंबईतही आली. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२६ साली नागपाडा येथे नेबरहुड हाउस सुरू केले. तेथील कामातून प्रशिक्षित कार्यकर्त्यांची उणीव जाणवली आणि १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य पदव्युत्तर विद्यालय स्थापन झाले. मॅन्शार्ट हे त्याचे पहिले संचालक होते. हीच संस्था १९४४ पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते.

हल हाउसच्या बहुतेक इमारती १९६० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागो परिसरासाठी पाडण्यात आल्या. मूळ वाडा आणि भोजनगृह आता संग्रहालय म्हणून जतन केले आहे. समाजसेवा पुरवणारी हल हाउस असोसिएशन आर्थिक अडचणींमुळे २०१२ साली बंद पडली.